सतराव्या दिवशीच्या तीन उड्या

आनिसे माकोसोला खुर्चीत नीट टेकून बसलेलं पाहिलंय असं कुणी सांगितलं, तर तो माणूस थापा मारतोय असं खुशाल समजावं. बसमध्ये रिकाम्या जागा असल्या तरी तो उभा राहतो. जेवताना त्याचा एक पाय टेबलाखाली सारखा हलत असतो. त्याची आई मामां फिलोमेन साका-साकाचं, म्हणजे कसाव्याच्या पाल्याच्या भाजीचं भांडं मांडते आणि आधी त्याच्या गुडघ्यावर थाप मारते. "पापा, पाय आवर. भाजी सांडेल." काँगोच्या आया मुलाला लाडाने पापा म्हणतात. हा पापा त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि आमच्या वस्तीतल्या शाळेत दुरुस्तीची कामं करतो. बिजागऱ्या, नळ, तुटकी बाकं, सगळं त्याच्याकडे.

मी आदेलिनो ताव्हेरा, बस चालवतो. माझी आई पोर्तुगालहून आली आणि ग्लिसिन वस्तीतल्या सात नंबरच्या टॉवरचे जिने तिने तीस वर्षं पुसले. आनिसे त्याच टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर राहायचा. पॅरिसच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांमध्ये पोरं कठड्यांवरून, भिंतींवरून उड्या मारायला लागली तेव्हा आम्ही सतरा-अठराचे होतो. पार्कूर हे नाव आमच्यापर्यंत नंतर पोचलं. तेव्हा आम्हाला नाव नव्हतं, फक्त शिव्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा माझ्या आईच्याच होत्या, कारण नुकत्याच पुसलेल्या जिन्यावर आमच्या बुटांचे ठसे उठायचे. पंचवीस वर्षांत मी पोट कमावलं आणि त्याने गट कमावला.

आमचा गट म्हणजे चौदा माणसं. दर शनिवारी सकाळी नऊ वाजता, टॉवरांच्या मधल्या सिमेंटच्या चौथऱ्यावर. एक नर्स आहे, एक इमारतींना रंग देणारा आहे, कॉलेजातल्या तिघी आहेत, मी आहे. नवा माणूस आला की त्याला छतावर जायचं असतं. त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिलेला असतो. आनिसे त्याला गुडघ्याएवढ्या कठड्यावर उभा करतो आणि म्हणतो, "उतर." तो उतरतो. "पुन्हा उतर." तीन महिने हेच. चवड्यांवर ये, टाच मागून टेकव, गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेनेच वाकू देत. आवाज आला तर तो धक्का जमिनीने घेतलेला नाही, तुझ्या हाडांनी घेतलाय. आनिसे हे आमच्याकडे पाठ फिरवून, उभा राहून ऐकतो. चौदा माणसं एकदम उतरतात आणि त्यातला कोण धप्पकन पडला ते त्याला न बघता कळतं. तो नाव घेत नाही. नुसतं म्हणतो, "शून्य."

शून्य म्हणजे सगळे पहिल्यापासून. शंभर वेळा उतरायचं असेल आणि एक्क्याण्णवाव्या वेळी एकाचा आवाज आला, तर चौदाही जण एकपासून. सुरुवातीला लोक त्या एकाकडे खाऊ का गिळू असं बघतात. चार-सहा महिन्यांनी बघेनासे होतात आणि दमलेल्याच्या शेजारी जाऊन उभे राहतात. नियमाचा उपयोग तोच असावा. मी त्याला कधी विचारलं नाही, कारण विचारलं की तो पाऊण तास बोलतो, आणि तेही येरझाऱ्या घालत.

त्याचे आणखी दोन नियम सांगायला हवेत. एक, उडी एकदा जमली तर ती जमली नाही. पहिल्यांदा नशीब असतं, दुसऱ्यांदा अंगात आलेलं वारं असतं, तिसऱ्यांदा जमली तर ती तुझी. त्यामुळे कुठलीही नवी उडी तीनदा मारल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. दुसरा, शनिवारी सुरुवातीला गोल करून उभं राहायचं आणि आठवड्यात आपण शरीराशी काय चूक केली ती आपण सांगायची. अंग न तापवता उडी मारली, चार तास झोपून आलो, दुखत असताना ओढून नेलं. आपलीच सांगायची, दुसऱ्याची नाही.

दुखण्याबद्दल त्याचं मोजमाप साधं आहे. दुखतंय तिथे हात ठेव. तळवा ठेवावा लागला तर स्नायू आहे, चालू दे, पण हळू. बोटाच्या टोकाने दाखवता आलं तर हाड आहे, थांब आणि डॉक्टरकडे जा.

गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी त्याने ऊर्दियाला हेच विचारलं. ऊर्दिया चोवीस वर्षांची, घरचे काबिलीचे, अल्जेरियातल्या डोंगराकडचे. चौकातल्या बेकरीत पहाटे पाचपासून काउंटरला असते. तिला अग्निशमन दलात जायचंय. आदल्या वर्षी धावण्याच्या चाचणीत दोन फेऱ्यांनी ती राहिली होती. यंदाची चाचणी सहा आठवड्यांवर आली होती, आणि पुढची थेट वर्षाने. वर्षभर ती आनिसेच्या हाताखाली घाम गाळत होती: जोर, लटकून वर चढणं, पाठीवर ओझं घेऊन सात नंबरचा जिना. ती माझ्या बसमध्ये चढली की डोळे मिटून ओठांतल्या ओठांत फेऱ्या मोजत असायची.

त्या दिवशी तिसाव्या उतरणीला आनिसे वळला. "ऊर्दिया, तुझा डावा पाय उशिरा येतोय."

"नाही येत."

"कुठे दुखतंय?"

तिने नडगीवर अख्खा तळवा ठेवला. आनिसे नुसता बघत राहिला. तिने तळवा उचलला, आणि मग हळूच एक बोट टेकवलं.

"कधीपासून?"

"दहा-बारा दिवस." मग घाईघाईने, "पण धावताना दुखत नाही, तोंतों. फक्त नंतर दुखतं." तोंतों म्हणजे काका. गटातली तरुण मंडळी त्याला असंच हाक मारतात.

डॉक्टरने सांगितलं, हाडाला अजून चीर नाही, पण पडायच्या बेतात आहे. तीन आठवडे उडी नाही, धावणं नाही. पोहणं आणि सायकल चालेल. त्यानंतर दोन आठवडे तयारीला मिळतील. ती पुढच्या शनिवारी आली ती धुमसतच. आनिसेने तिच्यासाठी तीन आठवड्यांचा कागद लिहून आणला होता. पोहायचं किती, हात कसे मजबूत ठेवायचे, पोटरीचे सावकाश व्यायाम कधी सुरू करायचे, झोप किती. विश्रांती हाही सराव आहे, असं त्याने तिला तीनदा ऐकवलं.

तिने कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आणि तुझा गुडघा?"

"माझ्या गुडघ्याला काय झालंय?"

"मामां फिलोमेन रोज पाव घ्यायला येते. तिला विचारलं नाही तरी ती सांगते. जूनमध्ये डॉक्टरने तुला सांगितलं, वाटीमागची गादी झिजलीय, सहा आठवडे एकही उडी नको. आता ऑक्टोबर आहे. तू किती आठवडे थांबलास?"

आनिसेचा पाय हलायचा थांबला. तो जिना आडवा होऊन उतरायला लागलाय हे मलाही दिसत होतं. मी बोललो नव्हतो. त्याच्या वडिलांनाही असंच झालं होतं, आणि शेवटची दहा वर्षं ते बाराव्या मजल्यावरून फक्त लिफ्ट चालू असेल त्या दिवशी खाली यायचे. आनिसेला आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटते, आणि ती ही.

"तू थांबलास तर मी थांबते," ऊर्दिया म्हणाली. "तीन आठवडे, दोघांनी. एकाने मोडलं तर दोघं शून्यावर. नियम तुझाच आहे ना?"

चौदा माणसांच्या गोलात उभा राहून तो नाही कसा म्हणणार? त्याने हात पुढे केला. बेकरीवालीने वस्तादाला त्याच्याच नियमात गुंडाळलं म्हणून आम्ही सगळे मनसोक्त हसलो.

पुढचे सतरा दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. ऊर्दिया ठरल्याप्रमाणे पोहली, झोपली, कुरकुरली. आनिसेचं काय करावं ते कुणालाच कळेना. पहिल्या आठवड्यात त्याने शाळेतल्या एकूण एक बिजागरीला तेल पाजलं. दुसऱ्या आठवड्यात ज्या बाकांना काही झालं नव्हतं ती बाकं त्याने सुटी करून पुन्हा जोडली. घरी आईच्या स्वयंपाकघरातली फळी काढून चार बोटं वर लावली, तर तिचा हात पोचेना. तिने त्याला घराबाहेर काढलं. मग तो माझ्या बसमध्ये यायला लागला. काम संपलं की चढायचा, माझ्यामागे दांड्याला धरून उभा राहायचा आणि माझी पाळी संपेपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा.

"बस की रे कुठेतरी," मी म्हणायचो. "प्रवाशांना वाटतंय तू तिकीट तपासनीस आहेस."

"तो कठडा बघितलास? दवाखान्यापुढचा? नवीन बांधलाय."

"मी रस्ता बघतो."

"तिथून पलीकडच्या पायरीवर जाता येईल."

"आनिसे."

"मी फक्त बघतोय."

त्याची बोटं दांड्यावर वाजत राहायची. रात्री झोप लागत नाही म्हणायचा. जेवण उतरत नाही म्हणायचा. चौकात उभा असला की त्याची नजर या भिंतीवरून त्या भिंतीवर जायची आणि पाठोपाठ पोटरीतला स्नायू उडायचा, हे मी आरशातून बघायचो. मला त्याची दया यायची आणि राग पण यायचा. अख्ख्या वस्तीला संयम शिकवणाऱ्या माणसाला स्वतःला त्यातला चमचाभर येऊ नये?

सतरावा दिवस मंगळवार होता. सकाळी सव्वासात, माझी दुसरी फेरी. शाळेच्या मागच्या चौकात सिग्नल लागला. डावीकडे शाळेच्या सायकलींच्या छपराची भिंत आहे आणि तिच्यासमोर उतरत्या रस्त्याचा कठडा. मध्ये साडेतीन मीटरची फट, खाली दोन माणसांच्या उंचीएवढं खोल. एकोणीस वर्षांचे असताना आम्ही दोघं ती फट बघायला रोज जायचो. मी बघून घरी आलो, त्याने उडी मारली. त्याच भिंतीवर निळ्या कामाच्या कपड्यांत आनिसे उभा होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा नव्हता, तो त्याने काढून बाजूला ठेवला होता. मला काय होणार ते कळलं, आणि तरी मी हॉर्न वाजवला नाही.

तो गेला. पलीकडच्या कठड्यावर उतरला, तोल सांभाळला, आणि मग भिंतीला हात लावून डोकं खाली घालून बराच वेळ उभा राहिला. माझा जीव भांड्यात पडला. संपलं, आता जाईल कामाला, असं मला वाटलं. तो वळसा घालून परत आला, पुन्हा त्याच भिंतीवर चढला आणि पुन्हा गेला. सिग्नल हिरवा झाला होता. मागची गाडी भोंगा मारत होती. तो तिसऱ्यांदा चढला. चोरी करत होता, आणि तीही नियमाने. एकदा मारली तर ती जमली नाही ना, म्हणून तीनदा. जगातला दुसरा कुठलाही चोर पहिल्या वेळेलाच पळाला असता.

संध्याकाळी तो बसमध्ये चढला. दांड्याला धरून उभा राहिला.

"पाहिलंस," तो म्हणाला.

"मी सिग्नल बघत होतो."

"तीन वेळा?"

"मोठा सिग्नल आहे तो."

दोन थांबे गेले. मग तो बोलायला लागला. हळू, माझ्या मानेशी, म्हणजे प्रवाशांना ऐकू जाऊ नये म्हणून. "आदे, मला वाटलं तीन आठवडे थांबून मी तिथे गेलो आणि मला जमलंच नाही तर? आता अजून जमतंय तोवर एकदा बघून घ्यावं. थांबलो तर मी संपेन असं वाटत होतं. बाबांसारखा. झोपच लागेना."

"गुडघा?"

"सुजलाय."

"शाब्बास."

"शनिवारी सांगावं लागेल."

मी बस थांब्याला लावली, दारं उघडली, बंद केली, आणि मग त्याला जे सांगितलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. म्हटलं, "तोंड बंद ठेव. शनिवारी एकवीस दिवस पुरे होतात. ती पोरगी सोमवारपासून धावणार आहे. तू सांगितलंस तर ती शून्यावर जाईल, हट्टी आहे ती, नियम म्हणजे नियम म्हणेल. एकवीस दिवस पुन्हा मोजले तर चाचणी गेली. तुझ्या उडीने तिच्या नडगीला काय झालं? काही नाही. मग? मी काही पाहिलेलं नाही आणि तू काही केलेलं नाहीस."

"तू तिच्या जागी असतास तर?"

"मी तिच्या जागी असतो तर पहिल्याच वर्षी सोडून दिलं असतं. म्हणून तर मी बस चालवतो."

तो हसला नाही. उतरताना त्याने दांडा धरून आधी उजवा पाय खाली ठेवला आणि मग डावा ओढून घेतला.

शनिवारपर्यंतचे चार दिवस मी त्याला टाळलं. खरं तर मला खात्री होती की माझंच बरोबर आहे. अजूनही एका अर्थी आहे. शहाण्या कुणालाही विचारा, एका माणसाने भिंतीवरून उडी मारली म्हणून दुसऱ्या बाईने परीक्षा का चुकवावी? पण आम्ही शहाणे असतो तर चाळिशीत सिमेंटवर रांगत बसलो नसतो.

शनिवारी थंडी होती. ऊर्दिया सगळ्यांच्या आधी आली होती. बेकरीतून उरलेले लोण्याचे पाव घेऊन आली होती आणि जागच्या जागी नाचत होती. नडगीवर बोट दाबून दाखवत होती, बघा, काही नाही. गोल झाला. रंगवाल्याने सांगितलं, मी गुरुवारी दारू पिऊन लटकलो. नर्सने सांगितलं, पाच तास झोप. ऊर्दियाने छाती पुढे काढून सांगितलं, "माझी चूक नाही. एकवीस."

मग आनिसेची पाळी आली. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

"मंगळवारी सकाळी मी शाळेमागच्या फटीवरून उडी मारली," तो म्हणाला. "तीन वेळा."

 मी वर बघितलं तेव्हा ऊर्दियाचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या हातात लोण्याचा पाव तसाच होता. तिने तो कागदात परत गुंडाळला, कागदाचं टोक दुमडलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ठीक आहे. एकपासून."

"नाही," आनिसे म्हणाला.

"नाही कसं? ठरलं होतं."

"गटातल्याची चूक गटाला लागते. मी गटात नाही." आणि तो एक पाऊल मागे सरकला. गोलात एका माणसाएवढी जागा मोकळी झाली. इतक्या वर्षांत त्या गोलातून कुणी असं बाहेर पडलं नव्हतं. लोक गावं बदलून गेले, लग्नं करून गेले, पण असं कुणी गेलं नव्हतं.

"तुला असं करता येणार नाही," ऊर्दिया म्हणाली. तिचा आवाज आता साधा राहिला नव्हता. "कुठल्या नियमात आहे हे?"

"असं करता येत नाही असं तरी कुठल्या नियमात आहे?"

"काहीच कुठे नाहीये, तोंतों. सगळं तुझ्या डोक्यात आहे."

"मग हेही माझ्याच डोक्यातलं आहे. तेवढं मान." त्याने साहित्याच्या पेटीची किल्ली तिच्या हातात दिली. "सोमवारी धावायला लाग. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मातीवर, सिमेंटवर नाही. दुखलं तर बोटाने दाखवता येतं का बघ. बाहेरचा माणूस म्हणून सांगतोय."

तो निघाला. चौथऱ्याच्या पलीकडच्या टोकाला एक बाक आहे, तिकडे गेला. चौदा माणसांसमोर तो लंगडत चालला, आणि लंगडणं लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. ऊर्दियाने त्याच्या पाठीवर दोन-तीन काबिली शिव्या हासडल्या आणि मग रडली. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला बोलता आलं असतं. मी पुन्हा नाडी बांधली.

त्यानंतरचे दोन आठवडे तो रोज बाकावर येऊन बसायचा. हो, बसायचा. हाताच्या मुठी मांड्यांखाली दाबून, चौथऱ्याकडे पाठ करून. मी एकदा कॉफी घेऊन गेलो. "जा तिकडे," तो म्हणाला, "गटातल्यांनी माझ्याशी बोलू नये." मी म्हटलं, तू आजारी आहेस. तो म्हणाला, हो, पण बरा होतोय. ऊर्दिया त्याच्या कागदाप्रमाणे धावत होती आणि त्या बाकासमोरून जाताना मान वळवत नव्हती. इतकी चिडलेली पोरगी मी पाहिली नव्हती. तीच चीड तिला ढकलत होती असं मला वाटतं.

चाचणी शुक्रवारी झाली. संध्याकाळी ती माझ्या बसमध्ये चढली, आणि तिने सांगायच्या आधी मला कळलं, कारण ती मोजत नव्हती. मागच्या वर्षी दोन फेऱ्या कमी पडल्या होत्या, यंदा तीन जास्त झाल्या. तिने मला सांगितलं आणि अख्ख्या बसलाही सांगितलं. एका म्हातारीने तिचे गाल ओढले.

"त्याला सांगितलंस?" मी विचारलं.

"बाहेरच्या माणसाला काय सांगायचं?" ती म्हणाली, आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आनिसे बाकावर होता, पाठ आमच्याकडे. ऊर्दियाने गोल केला. गेल्या शनिवारीही नकळत तिनेच सुरुवात केली होती. "कुणाची काय चूक?" तिने विचारलं. रंगवाला बोलला, नर्स बोलली, कॉलेजातल्या तिघी बोलल्या. माझी पाळी आली आणि मी नाडीकडे बघितलं. नाडी बांधलेली होती.

"मी त्याला पाहिलं होतं," मी म्हटलं. "त्या मंगळवारी. सिग्नलला उभा होतो. हॉर्न वाजवला असता तर तो थांबला असता. मी वाजवला नाही. संध्याकाळी त्याला गप्प राहायला मीच सांगितलं. त्याने ऐकलं नाही. मी मात्र गप्प राहिलो."

"किती दिवस?"

"अठरा. चार त्याच्यासाठी आणि चौदा माझ्यासाठी."

ऊर्दिया माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता त्या काबिली शिव्या माझ्या वाट्याला. तिने विचारलं, "तू गटात आहेस का बाहेर आहेस?"

मला बाहेर पडता आलं असतं. आनिसेने वाट दाखवून दिली होती. पण मी त्याच्यासारखा नाही. मला एकट्याने बाकावर बसायची हिंमत नव्हती.

"आत आहे," मी म्हटलं.

"मग शून्य," ती म्हणाली. "सगळ्यांचं. शरीराशी केलेली चूक आहे, फक्त दुसऱ्याच्या शरीराशी. सहा आठवडे कुणी उडी मारायची नाही."

"सहा?" रंगवाला म्हणाला. "आदेलिनोने तोंड उघडलं नाही म्हणून मी सहा आठवडे?"

"डॉक्टरने सहा सांगितलेत."

"कुणाच्या डॉक्टरने?"

 ती चौथरा ओलांडून चालायला लागली. रंगवाल्याने माझ्या नावाने बोटं मोडली, नर्स हसायला लागली, आणि मग सगळेच तिच्या मागोमाग निघालो. आनिसेला पावलं ऐकू आली असणार. त्याने मान वळवली नाही.

"सरक," ऊर्दिया म्हणाली.

"गटातल्यांनी..."

"गट शून्यावर आहे. आदेलिनोने पाहिलं होतं आणि लपवलं. सहा आठवडे कुणीच उडी मारणार नाही. बसायला जागा हवीय, सरक."

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. "गाढवा," तो म्हणाला, "तुला कुणी विचारलं होतं?"

"हिने विचारलं," मी म्हटलं.

तो सरकला. बाक चौघांचा होता. ऊर्दिया त्याच्या शेजारी बसली, नर्स तिच्या शेजारी, मी कसाबसा टेकलो, आणि बाकीचे जमिनीवर मांडी घालून बसले. आमच्यासारख्या माणसांना असं बसता येत नाही. कुणी बोटं मोडत होतं, कुणी घोटे फिरवत होतं, कॉलेजातली एक पुन्हा पुन्हा उठून बसत होती. ऊर्दियाने तेव्हा कुठे त्याला सांगितलं, "तीन फेऱ्या जास्त झाल्या." आनिसेने मांड्यांखाली दाबलेले हात बाहेर काढले, तोंडावर धरले, आणि तो रडला. मोठ्याने, आमच्यासमोर. मामां फिलोमेनने बाराव्या मजल्यावरून ऐकलं असेल असा रडला. कुणी त्याला थोपटलं नाही. आम्ही बसून राहिलो.

शांत झाल्यावर त्याने बाहीला नाक पुसलं. "माझा आज अठरावा दिवस आहे," तो म्हणाला. "एवढे झालेत."

"आमचा पहिला," ऊर्दिया म्हणाली.

त्याने आमच्याकडे एकदा बघितलं, जमिनीवर चुळबुळ करणाऱ्या त्या सगळ्या शहाण्यासुरत्या माणसांकडे.

"बरं," तो म्हणाला. "मग माझाही पहिला."